पेटी ‘नाही’ म्हणाली

डहाणूला बाहेरची माणसं साधारण दोन कारणांनी जातात. एक तर महालक्ष्मीच्या दर्शनाला, नाही तर समुद्रावर पाय भिजवायला. मी रक्त काढायला गेले होते. डहाणू रोड स्टेशनजवळच्या लॉजवर ‘येण्याचे कारण’ या रकान्यात मी तसं प्रामाणिकपणे लिहिलं. मॅनेजरने ते दोनदा वाचलं, माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं आणि माझ्या अक्षरावर काट मारून स्वतःच्या अक्षरात ‘सरकारी काम’ असं लिहिलं. खोलीतला पंखा मात्र सरकारी कामालाही फिरत नव्हता.

२०१८चा जानेवारी होता. पेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. पुण्यातल्या प्रयोगशाळेत आम्ही चौघांनी तीन वर्षं खपून ते केलं होतं. त्याला एक फट. फटीत नखाएवढी पट्टी सरकवायची, पट्टीवर बोटातला रक्ताचा थेंब टाकायचा, की सात मिनिटांनी पडद्यावर उत्तर येतं. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाची घडण काही लोकांत जन्मतःच वेगळी असते. ती आई किंवा बाप, एकाकडूनच आली तर माणूस नुसता ‘वाहक’ असतो. त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही. दोघांकडून आली तर सिकलसेलचा आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, पोरं वारंवार दवाखान्यात आणि काही वेळा अवेळी जातात. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता या आजाराची. आमच्या पट्टीवर ते वेगळं प्रथिन तेवढं धरून ठेवणारे रेणू बसवले होते. ते सापडलं की पेटी ‘आहे’ म्हणायची, नाही तर ‘नाही’.

पुण्यात पेटी कधी चुकली नव्हती. पुण्यात रक्त बाटलीतून येतं, बाटली फ्रीजमधून येते आणि फ्रीज चालू असतो.

डहाणूचा नियम असा ठरला होता की प्रत्येक माणसाचा एक थेंब पेटीला द्यायचा आणि हाताच्या शिरेतलं थोडं रक्त नळीत घेऊन मुंबईच्या मोठ्या यंत्राकडे पाठवायचं. तिथलं उत्तर तीन आठवड्यांनी येणार. ते येईपर्यंत पेटी काय म्हणाली हे कोणालाही सांगायचं नाही, कारण पेटीची अजून उमेदवारी चालू होती. हा नियम मीच लिहिला होता आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं.

सायवन

पहिल्या दिवशी सुरेखाताईंबरोबर सायवनला गेले. सुरेखाताई या भागात सिकलसेलचं काम करणाऱ्या परिचारिका. मूळ डहाणूच्या. मराठी, गुजराती आणि वारली या तिन्ही भाषांत माणसाला दटावू शकतात. जीपमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, “मॅडम, बर्फ कुठून घेतला?” मी म्हटलं, लॉजच्या फ्रीजमधून. “लॉजचा फ्रीज बंद आहे, सगळ्या डहाणूला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. मी नमुन्यांचा डबा उघडून पाहिला. आत कोमट पाणी होतं आणि त्यात आमच्या संस्थेचं स्टिकर तरंगत होतं.

मग जीप वळवून मासळीबाजारात नेली. एका मावशीने बोंबलांखालचा बर्फ दोन्ही हातांनी ओरपून आमच्या डब्यात घातला. कशासाठी हवा ते कळल्यावर तिने वरून आणखी एक ओंजळ घातली आणि “पोरांचा रगत हाय, कमी नको पडाया,” म्हणाली. पुढे मुंबईच्या प्रयोगशाळेतून फोन आला की नमुने उत्तम अवस्थेत पोचले आहेत, फक्त खोलीत मांजर शिरलं आहे.

सायवनच्या शाळेच्या ओट्यावर दुपारपर्यंत रांग लागली होती. आमच्याकडे रक्त तपासायचं म्हटलं की माणूस आधी उपाशीपोटी का, हे विचारतो. इथे बायकांनी पहिल्यांदा मला, मी जेवले का, हे विचारलं आणि जेवले नाही म्हटल्यावर बोट पुढे करायचंच नाकारलं. भुकेल्या बाईचा हात हलतो, असं एका आजीचं म्हणणं पडलं. तेव्हा आधी नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, मग विज्ञान. हात खरोखरच कमी हलला.

झरी

दुसऱ्या दिवशी तलासरी ओलांडून झरीला. गुजरातची हद्द इथून इतकी जवळ की माझा मोबाइल दर दहा मिनिटांनी माझं गुजरातेत स्वागत करायचा आणि मला लगेच महाराष्ट्रात परत बोलवायचा. पाड्यावरच्या एका मोठ्या आंब्याखाली आम्ही टेबल मांडलं.

तिथे वनिता आली. वय बावीस-तेवीस, अंग बारीक, तिसरा महिना संपत आलेला. आश्रमशाळेत असताना तिची तपासणी झाली होती आणि ती वाहक असल्याचं तिला ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ याच आजाराने चौदाव्या वर्षी गेला होता. रात्र रात्र त्याचे पाय चेपत बसल्याचं तिने मला सांगितलं, तेही तक्रार म्हणून नव्हे, भावाचं नाव काढलं की माणूस जे सांगतो तसं. तिच्याबरोबर तिचा नवरा सुनील होता. तो एरवी आठ-आठ दिवस समुद्राकडच्या चिकूच्या वाडीत मजुरीला असतो. खास तपासणीसाठी ती त्याला घेऊन आली होती.

माझ्याकडच्या छापील फॉर्मवर ‘विवाहपूर्व समुपदेशन’ असं होतं. सुरेखाताईंनी खुलासा केला की दोघं दोन वर्षं एकत्र राहतात, लग्न सवडीने लागेल, आणि इथे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फॉर्मला मात्र वाटत होतं. तो पुण्यात तयार झालेला. माझ्या स्वतःच्या लग्नात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पत्रिका जुळवल्या, छत्तीसपैकी सव्वीस गुण काढले, आणि रक्ताबद्दल चकार शब्द विचारला नाही. इथे लग्नाआधीच एक बाई नवऱ्याला दंडाला धरून रक्त तपासायला घेऊन आली होती. मी ‘विवाहपूर्व’ हा शब्द खोडला.

सुनीलने थेंब द्यायला बोट पुढे केलं, पण नळीतलं रक्त द्यायला साफ नकार दिला.

“थेंब घे. बाटली नाय देणार. शिडीवर चढाया जोर लागतो, तो काय तू देशील?”

सुरेखाताईंनी समजावलं, दटावलं, शेवटी वारलीतून काहीतरी असं बोलल्या की रांगेतल्या बायका हसल्या. सुनील हसला नाही आणि त्याने नळीही दिली नाही. मी त्याच्या बोटाला स्पिरिटचा कापूस लावला. कापूस तपकिरी झाला. दुसरा बोळा घेतला, तोही तपकिरी. बोटांची टोकं काळसर, टणक होती. कामाचा हात आहे, असं मनात म्हणून मी सुई टोचली.

सात मिनिटांनी पेटी म्हणाली, ‘नाही’. पेटी आणखी एक आकडा दाखवते, रक्तातल्या एकूण हिमोग्लोबिनचा. तो नऊ आला. आठच्या खाली गेला तर पेटी उत्तर देत नाही. नऊ म्हणजे काठावर पास. मी सुनीलला पालेभाजी खायला सांगितलं.

वनिता टेबलाची कडा धरून उभी होती. “बाय, हाय का नाय, इतकाच सांग.”

मी तिला नियम सांगितला. तीन आठवडे, मुंबई, मोठं यंत्र. तिने सगळं ऐकून घेतलं.

“पण त्याची बाटली त गेलीच नाय मुंबईला. मंग मुंबई काय सांगल?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला तिचा भाऊ दिसत होता, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. तीन वर्षांत एकही नियम न मोडलेली मी म्हटलं, “नाही. त्याच्यात दोष नाही.”

ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला पीएचडी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

चिकूच्या वाडीत

तिसऱ्या दिवशी समुद्राकडच्या एका वाडीत मजुरांची तपासणी होती. वाडीच्या मालकीणबाईंना घरचे, दारचे, मजूर, सगळेच वहिनी म्हणत. त्यांनी आमचं टेबल पडवीत लावून दिलं आणि दुपारी बोंबलाचं भुजणं करून घातलं. मी दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा वहिनींनी विचारलं नाही, सरळ वाढलं.

चिकू काढणारी अठरा माणसं आली. अठराच्या अठरा ‘नाही’. हिमोग्लोबिनचे आकडे मात्र सगळ्यांचे काठावर. इतकी निर्दोष आणि इतकी अशक्त वाडी माझ्या पाहण्यात नव्हती. त्याच माणसांच्या डोक्यावर भरलेल्या पाट्या होत्या आणि ती पळत होती. मी वहीत ‘या भागात रक्तक्षय फार’ असं लिहिलं आणि खाली रेघही मारली.

काम संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “आता आल्यासारखे चार चिकू स्वतःच्या हाताने काढा ने, ताई.” उंचावरची फळं जाळी बांधलेल्या लांब काठीने काढतात. मला ती काठी दिली. त्या काठीने मी एक चिकू आणि एक कावळा हलवला. मग खालच्या फांद्यांवरचे हाताने तोडले. देठाशी पांढरा चीक येतो, तो बोटांना लागला. थोड्या वेळाने तो वाळून तपकिरी झाला. मी पडवीच्या नळावर तीनदा साबणाने हात धुतले. काही फरक पडला नाही.

“साबणाने नाय जायचा तो,” वहिनी म्हणाल्या. “पहिलं कोपरेल चोळा, मग साबण. आमची माणसं तर चोळतच नाय. रोजचंच आहे, कोण किती चोळणार?”

मी खोबरेल तेलाची वाटी हातात घेतली आणि मला सुनीलच्या बोटावरून निघालेले तपकिरी बोळे आठवले. मग वाटी खाली ठेवली, पेटी उघडली आणि त्या चिकट उजव्या बोटाला, स्पिरिट लावून, स्वतःच सुई टोचली. माझं हिमोग्लोबिन कायम साडेबाराच्या आसपास असतं. पेटी म्हणाली, साडेचार, उत्तर देता येत नाही. एवढ्या आकड्यावर माणूस उभा राहत नाही; मी उभी होते, शिवाय पोटात तीन वाढपांचं भुजणं होतं. डाव्या हाताचं, चीक न लागलेलं बोट टोचलं. साडेबारा.

चिकाला प्रथिनं चिकटतात. बोटावरून घरंगळताना थेंब तो चीक बरोबर घेऊन जात होता, आणि पट्टीपर्यंत पोचायच्या आतच प्रथिनं त्यात अडकत होती. पट्टीला जे मिळत होतं ते उरलंसुरलं. त्यावरून पेटी ‘नाही’ म्हणत होती. पुण्यात आम्ही पेटीला उष्णता दाखवली होती, दमट हवा दाखवली होती, दोनदा टेबलावरून पाडूनही पाहिली होती. चिकू काढणाऱ्याचं बोट कोणी दाखवलं नव्हतं.

अठरा जणांचं निस्तरता येण्यासारखं होतं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं; तेल चोळून पुन्हा बोलवायचं. सुनीलला मात्र मी सांगून बसले होते. तो वाहक निघाला तर वनिताच्या पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला, आणि तीही पुढच्या काही आठवड्यांतच, करून घ्यायला हवी होती. उशिरा केली तर गर्भपाताची कायदेशीर मुदत उलटून जाते आणि हाती काही उरत नाही. माझ्या ‘नाही’वर विसंबून ती मुंबईला जाणारच नव्हती. सुरेखाताईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, “उद्या सकाळी लवकर निघू. आणि मॅडम, सांगायचं तुम्ही. मी नाही.”

पुन्हा झरी

वाटभर मी वाक्यं जुळवत होते. ‘तांत्रिक अडचण’ हे शब्द मी चार वेळा मनात घातले आणि चार वेळा काढले.

वनिताच्या दारात पोचलो तर सुनील घरीच. वाडीत परत जायच्याऐवजी आनंदाने दोन दिवस सुट्टी वाढवली होती. अंगणात कोंबडीची पिसं पडली होती. माझं ‘नाही’ ऐकून त्यांनी देवाला कोंबडी दिली होती, आणि आम्ही नेमक्या जेवणाच्या वेळी पोचलो होतो. वनिताने मला हाताला धरून आत नेलं. सासूने पाट सरकवला. समोर तांदळाची भाकरी आणि रस्सा आला.

मी आधी बोलायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ताट पुढे आलेलं, घरातली सगळी माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत असलेली, आणि जेवल्याशिवाय या भागात कोणी माझं ऐकतही नाही असा माझा अनुभव. या सबबी आहेत. मी भ्याले होते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. रस्सा झणझणीत होता आणि डोळ्यांतून पाणी यायला तेवढं कारण पुरलं.

हात धुतल्यावर मी सांगितलं. “परवा मी तुला ‘नाही’ म्हटलं ते खरं नव्हे. खोटंही नसेल. सुनीलच्या बोटाला चिकूचा चीक होता, त्यामुळे पेटीला नीट कळलं नाही. मी तुला सांगायला नको होतं. चूक माझी आहे.”

सासूने माझ्याकडे बघितलं, मग अंगणातल्या पिसांकडे. सुनील आपली बोटं उलटसुलट करून पाहत होता. मला वाटलं, आता हा मला हाकलून देईल, आणि ते योग्यच होईल.

वनिता म्हणाली, “तू आता आली, म्हणून कळला. नाय आली असती तर?”

“तर कळलं नसतं.”

“हं,” ती म्हणाली. मग सुनीलकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण मी सुनीलच्या जागी नव्हते याचा मला आनंद झाला. “बाटली दे.”

“जोर—”

“कोंबडी खाल्ली ना? जोर आला. दे.”

सुनीलने बाही वर केली. सुरेखाताईंनी पट्टा बांधून नळी भरली. पेटी मी जीपमधून काढलीच नव्हती. सुनीलने स्वतःहून विचारलं, पेटीला पण थेंब देऊ का, तेल लावून? वनिता म्हणाली, “नको. ती एकदा बोलली तितका बस.”

नंतर

ती नळी मी कोणाच्या हाती दिली नाही. मांडीवर घेऊन मुंबईला गेले आणि उत्तर मिळेपर्यंत पुण्याला न जाता चुलत बहिणीकडे तळ ठोकला. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तीन आठवड्यांचं काम तीन दिवसांत केलं. मला वाटतं, मला दारातून घालवायचा त्यांना तेवढाच उपाय दिसत होता. सुनील वाहक होता.

सुरेखाताई त्याच दिवशी झरीला गेल्या. पुढे योग्य वेळ बघून त्यांनीच वनिता आणि सुनीलला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बाळाभोवतीच्या गर्भजलाची तपासणी झाली. मी पुण्यात परत आले होते. सरांनी माझा अहवाल वाचला, झालेला प्रकार ऐकला आणि म्हणाले की नियम तूच लिहिला होतास. मी म्हटलं, हो. पेटीसोबतच्या सूचनांत आता पहिली ओळ खोबरेल तेलाची आहे. दिल्लीतल्या एका तज्ज्ञांनी ती छपाईची चूक समजून खोडली होती; मी परत घातली.

त्या आठवड्यांत मला झोप नीट लागली नाही. चारात एक म्हणजे काय हे मी अनेक व्याख्यानांत फळ्यावर चार चौकोन काढून समजावलं आहे. तेव्हा त्या चौथ्या चौकोनात मी कधी कोणाला बसलेलं पाहिलं नव्हतं.

निकाल सुरेखाताईंच्या हातात पडला तेव्हा त्या तो घेऊन झरीला गेल्या, पण वनिताने त्यांच्याकडून ऐकायला नकार दिला. आधी चुकीचं त्या पुण्याच्या बाईने सांगितलं, तर आता बरोबरही तिनेच सांगायचं, असा तिचा हट्ट. तेव्हा सुरेखाताईंनी कागदाचा फोटो मला पाठवला, मी तो मोठा करून दोनदा वाचला, त्यांना फोन लावला आणि त्यांनी तो वनिताच्या हातात दिला.

“वनिता, बाळाला आजार नाही,” मी म्हटलं. “तुमच्या दोघांसारखंच वाहक आहे. आजार नाही.”

पलीकडे लांब कुठेतरी बकरी ओरडली.

“हा कोन बोलला?” तिने विचारलं. “तुझी पेटी का मुंबईचा यंत्र?”

“मुंबईचं यंत्र.”

“पेटीला इचारला नाय ना?”

“नाही विचारलं.”

“मंग खरा हाय,” ती म्हणाली, आणि मग मोठ्याने रडायला लागली. मीही रडत होते. सुरेखाताई मागून म्हणत होत्या, अगं, मॅडमचा बॅलन्स जातो आहे, पण दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.